उपमा नको म्हणालो

१९ डिसेंबर

गौरांगने तिकीट पाठवलं. नाशिक ते बेंगळुरू, दहा जानेवारी, ओझरहून थेट विमान. सीट चौदा-सी. दोनदा वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं. फक्त जाण्याचं आहे. येण्याचं नाही.

फोन करून विचारलं तर म्हणाला, रिटर्नचं नंतर बघू बाबा, आधी तुम्ही या तर.

यातून काय समजायचं ते मी समजलो. मुलगा मला तिकडे ठेवून घेणार. त्याची आई, उत्तरा गेली तेव्हापासून त्याच्या मनात हे असणार, बोलत नाही इतकंच. स्वभाव माझ्यावर गेला आहे. मी अर्थात राहणार नाही. नाशिकमध्ये मला ढीगभर कामं आहेत. आत्ता एकही आठवत नाही, पण आहेत.

तरी धोरण आधी ठरलेलं बरं. पहिल्यांदा राहा म्हणाला की नको म्हणायचं. दुसऱ्यांदा म्हणाला की पुन्हा नको, पण जरा हळू आवाजात. तिसऱ्यांदा आभाही म्हणेल, सून असली तरी बोलायला मोकळी आहे. तेव्हा मग बघू.

२१ डिसेंबर

विमानात खायला काय देतात याची चौकशी केली. खालच्या मजल्यावरची हर्षाली नोकरीपायी सारखी विमानाने फिरते. ती म्हणाली, काका, आता फुकट काही नसतं, ट्रॉली येते, हवं ते विकत घ्यायचं. उपमा मिळतो म्हणाली. कपात कोरडा असतो, वरून गरम पाणी ओततात, झाकण लावून जरा ठेवतात. झाला उपमा.

हे ऐकून माझा संताप व्हायला हवा होता. झाला नाही. हल्ली होत नाही. पण कर्तव्य म्हणून काम हाती घेतलं. एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनमध्ये मी अकाउंट्सला होतो, तरी लोक ओळखायचे ते कँटीन कमिटीचे सेक्रेटरी गायधनी म्हणूनच. माझ्या काळात तिथल्या डाळीला कुणी नाव ठेवलं नाही. तो अनुभव वाया का घालवायचा? विमानातलं जेवण आणि सेवा यांवर सविस्तर अहवाल करणार. चव, गरमपणा, प्रमाण, वाढप. प्रत्येकाला दहा गुण. थेट चेअरमनला पाठवायचा.

उद्यापासून कच्चा मसुदा सुरू.

२७ डिसेंबर

मसुदा सुरू झालेला नाही. थंडी.

सुलाबाई पोळीभाजीला आल्या तेव्हा दारातच म्हणाल्या, काका, काल आमटीत मीठच नाय टाकलं मी, घरी गेल्यावर ध्यानात आलं, तुमी काय बोलला नाय? मी म्हणालो, मुद्दाम बोललो नाही. बीपी. त्या म्हणाल्या, मंग आजबी कमीच टाकते.

खरं म्हणजे मला कळलं नव्हतं. पूर्ण वाटी प्यायलो होतो. गेल्या पावसाळ्यात उत्तरा गेली तेव्हापासून हे असंच आहे. डॉक्टर म्हणाले, वय. वाईट वाटतं असंही नाही. काहीच वाटत नाही. पाण्यासारखं पाणी, आमटीसारखं पाणी.

मात्र आज पेपरात एक उपयुक्त माहिती मिळाली. विमान उंच गेलं की तिथे सगळ्यांचीच चव कमी होते. म्हणजे निरीक्षक म्हणून मी तिथे कुणाहून कमी नसेन. उलट मला सवय आहे.

३१ डिसेंबर

नव्या वर्षाचे संकल्प. अहवाल पूर्ण करणे. रोज मुक्तिधाम मंदिरापर्यंत चालत जाणे. मुलगा-सुनेला आपली अडचण होईल असं काही न करणे, पण त्यांनी फार आग्रह केला तर त्यांचं मन न मोडणे.

आग्रहावरून आठवलं. अहवालात आग्रहाला वेगळे दहा गुण ठेवायला हवेत. आमच्या घरी पंगती उठायच्या. आजोबा रामकुंडावर यजमानांची कार्यं करायचे, यजमान जेवायला घरी. पंगतीत जिलबी आली की हावऱ्यासारखं हो म्हणायचं नसतं, हे आम्हाला मुंजीच्या आधी शिकवलं होतं. ताटावर हात आडवा धरायचा आणि नको म्हणायचं. वाढपी कसलेला असेल तर तो आडव्या हाताच्या फटीतून जिलबी सोडतो. मग आपण अहो अहो करायचं. मग खायचं. पोट भरलेल्याचा नको आणि भुकेल्याचा नको यातला फरक वाढप्याला कळला पाहिजे. त्यालाच सेवा म्हणतात. बाकी सगळं म्हणजे पदार्थ इकडून तिकडे नेणं.

उत्तरा तर हात आडवा आहे की उभा हे बघायचीच नाही. वाढायची. एकदा आमटी हातावर आली, चांगलं पोळलं. म्हणाली, मग हात कशाला मध्ये आणता?

साडेदहाला झोपलो. फटाके झाले म्हणे.

४ जानेवारी

आवराआवर. दूध बंद केलं. पेपर बंद केला. किती दिवस म्हणून विचारलं दोघांनी. मी म्हणालो, काही सांगता येत नाही, मुलगा सोडेल तेव्हा. दूधवाला म्हणाला, नशीबवान आहात. मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही.

सुलाबाईंना तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, चांगलं झालं काका, एकलं राहून मानूस येडं व्हतं. मी सांगितलं की मी राहायला जात नाहीये, फक्त ते सोडणार नाहीत. त्या म्हणाल्या, येकच झालं की.

कुंडीतला कडीपत्ता हर्षालीला देऊन टाकला. फ्रीज रिकामा करून पुसला आणि बंद केला. कपाटातले लोकरीचे कपडे इथेच ठेवले, बेंगळुरूला लागत नाहीत. मग एक स्वेटर काढून बॅगेत टाकला. मग परत ठेवला. न्यायला घेतला असता तर राहायच्या तयारीने आलो असं दिसलं असतं.

मुक्तिधामपर्यंत चालणं अजून नाही. परत आल्यावर.

९ जानेवारी

बॅग भरली. चिवडा, तिळाचे लाडू (सुलाबाईंनी केलेले, चव सांगता येणार नाही), आणि आभाला उत्तराची काठाची साडी. साडी देताना काय बोलायचं ते पाठ केलं आहे.

अहवालासाठी तक्ता आखला. पट्टी सापडली नाही, तिकिटाच्या प्रिंटच्या कडेने आखला. वाकडा आला आहे, पण चेअरमनला मजकूर वाचायचा आहे.

सकाळी घरून काही खाऊन जायचं नाही. निरीक्षक रिकाम्या पोटी असावा.

१० जानेवारी, सकाळ, ओझर

वेळेच्या बऱ्याच आधी पोचलो. शेजारच्या खुर्चीवर कारभारी नावाचे एक गृहस्थ येऊन बसले. पिंपळगावकडचे द्राक्षवाले, बेंगळुरूला व्यापाऱ्याला भेटायला निघालेत. सिक्युरिटीवाल्याने त्यांचा डबा उघडून ठेचा हुंगला आणि झाकण लावून गुपचूप परत दिला, हे त्यांनी मला ओळख व्हायच्या आधीच सांगितलं. योगायोगाने सीट माझ्या शेजारचीच, चौदा-बी.

भूक लागली आहे. म्हणजे लागली असावी. वेळ तरी ती आहे.

१० जानेवारी, विमानात

ट्रॉली आली. हवाईसुंदरी (हा शब्द आता वापरत नाहीत, क्रू म्हणतात) लहान मुलगी होती, नाव निकिता, छातीवर लिहिलेलं. हसून म्हणाली, सर, काही घेणार का, उपमा, पोहे, सँडविच.

मी समोरच्या ट्रेवर हात आडवा धरला आणि नको म्हणालो. अगदी मापात म्हणालो. कुणीही ओळखलं असतं की हा नको भुकेल्याचा आहे.

ती म्हणाली, ओके सर, थँक यू. आणि कारभारींकडे वळली.

कारभारी म्हणाले, काय काय हाय? उपमा द्या. पोहे बी द्या. आन् ते लाल ज्यूस. कपात पाणी पडलं. झाकण लागलं. माझ्या नाकासमोरून उपमा गेला. वाफ होती, म्हणजे गरमपणा ठीक. दुरून सात गुण.

मी अर्थात चिंता केली नाही. ट्रॉली शेवटपर्यंत जाते आणि परत येते, हे हर्षालीने सांगितलं होतं. दुसरा आग्रह परतीच्या फेरीत असणार. हात तसाच ठेवला.

ट्रॉली परत आली ती कचरा गोळा करायला. माझ्याकडे कचरा नव्हता. तिने विचारलं म्हणून खिशातला कागदी रुमाल दिला. स्वच्छ होता.

थोड्या वेळाने कारभारींनी डबा उघडला. उपमा, पोहे, ज्यूस झाल्यावर डबा. बाजरीची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. म्हणाले, घ्या काका. मी म्हणालो, नको नको. म्हणाले, घ्या हो, घरचं हाय, लाजता काय. मी म्हणालो, अहो खरंच नको. त्यांनी माझं ऐकलं नाही. माझा हात धरला, उलटा केला आणि त्यावर भाकरी ठेवली.

ठेचा झणझणीत होता. डोळ्यांत पाणी आलं. कारभारी म्हणाले, लय तिखट हाय का? मी म्हणालो, नाही, छान आहे. ठेचा कळला मला. चव म्हणून कळला की नुसतं पोळलं हे ठरवता आलं नाही. दोन भाकऱ्या खाल्ल्या.

गुण: चव, खाल्लं नाही म्हणून राखीव. सौजन्य नऊ. आग्रह शून्य. (चौदा-बी मधून मिळालेला आग्रह कंपनीच्या खात्यात धरता येणार नाही.)

उतरताना दारात निकिता म्हणाली, पुन्हा या सर. मी म्हणालो, बघू. रिटर्न तिकीट नाही हे तिला कशाला सांगायचं.

१० जानेवारी, संध्याकाळ, बेंगळुरू

कंपनीचा मेसेज आला, आमची सेवा कशी वाटली. लिंक उघडली. पहिला प्रश्न, तुम्ही विमानात काही खाल्लंत का? नाही असं दाबलं. स्क्रीनवर धन्यवाद आलं आणि बंद झालं. आग्रहाबद्दल लिहायला जागाच नव्हती.

गौरांग घ्यायला आला होता. बारीक झालाय. त्यालाही मी बारीक वाटलो. सतराव्या मजल्यावर घर. मला दिलेली खोली म्हणजे आभाचं ऑफिस. सकाळी नऊला तिला लागते, तोवर आवरायचं. तिने तीनदा सॉरी म्हटलं. मी म्हणालो, छे छे. ती पुढे बोलली नाही.

११ जानेवारी

इथे वाढत नाहीत. भांडी ओट्यावर, ज्याने त्याने घ्यायचं. आभा म्हणाली, बाबा, तुमचं तुम्ही घ्या हं, अजिबात लाजू नका. मी रीतीप्रमाणे पहिल्यांदा थोडं घेतलं. दुसऱ्या वाढीची वाट बघत बसलो. तोवर गौरांगने ताटं मशिनमध्ये लावली. मशीन भांडी घासताना चांगला आवाज करतं.

दुपारी मी आणलेले लाडू मीच दोन खाल्ले.

आभाला साडी दिली. पाठ केलेलं बोललो नाही. नुसती दिली. तिने साडी गालाला लावली, मग खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मीटिंग असेल.

१२ जानेवारी

विचारलं. शेवटी विचारलं!

रात्रीचं जेवण चालू होतं. गौरांग वाटीकडे बघत म्हणाला, बाबा, इथेच राहा ना आमच्याकडे. तिकडे एकटे कशाला? आम्ही मोठं घर बघू शकतो.

मी म्हणालो, छे छे, मला आपलं नाशिकच बरं. तिकडे कामं अडतील. आणि ताटावर हात आडवा धरला. वास्तविक ताटात तेव्हा कुणी काही वाढत नव्हतं. सवयीने गेला.

गौरांगने आभाकडे बघितलं. आभा म्हणाली, बाबा, इतकं स्पष्ट सांगितलंत ते बरं केलंत. आम्हाला सारखं वाटत होतं, आपण यांना ओढून तर आणत नाही ना. गौरांग म्हणाला, तुमचा निर्णय आहे बाबा, आम्ही रिस्पेक्ट करतो. आवाज जरा घोगरा होता त्याचा. एसीने असेल.

पहिली फेरी अपेक्षेप्रमाणे पार पडली. अगदी विमानासारखीच. फरक इतकाच की ही घरची माणसं आहेत, दुसरी फेरी कचरा न्यायला येणार नाही.

१३ जानेवारी

दुसरी फेरी नाही. दोघांनाही कामं होती. साहजिक आहे.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ झाला. मी सहज विषय काढला की नाशिकला यंदा थंडी फार आहे, सकाळी पाण्यात हात घालवत नाही. म्हटलं आता म्हणेल, मग जाता कशाला. गौरांगने लगेच फोन काढला. रूम हीटर. नाशिकच्या पत्त्यावर, अठराला मिळेल म्हणाला.

१५ जानेवारी

नाशिकला मध्यंतरी गॅस चालू राहिला होता माझ्याकडून, एकट्या माणसाचं लक्ष राहत नाही, असं म्हणालो. हे खोटं आहे, पण होऊ शकतं. आभा घाबरली. गॅस गळला की ओरडणारा अलार्म मागवला. संध्याकाळी म्हणालो की बाथरूममध्ये पाय घसरतो की काय असं वाटतं. रबरी मॅट मागवली.

मी सांगतो एकटेपणा, त्याचं होतं पार्सल.

यांची माया कमी नाही, हे मला दिसतं आहे. विमान कंपनीसारखंच यांचं सौजन्य नऊ गुणांचं आहे. मी नको म्हणालो ते त्यांनी खरं धरलं. खरं बोलणाऱ्या माणसाचं खरं धरावं, यात त्यांचं काय चुकलं? उत्तरा असती तर म्हणाली असती, अरे त्यांचं नको धरायचं नसतं, बॅग कपाटात टाक. एवढं एकच वाक्य लागत होतं. ते बोलणारं माणूस नाही. आज वाईट वाटलं. बऱ्याच महिन्यांनी वाटलं म्हणून लिहून ठेवतो.

१६ जानेवारी

परतीचं तिकीट आलं. अठरा तारीख. पुन्हा चौदा-सी. गौरांग म्हणाला, येताना तुम्ही उपाशी आलात ना बाबा, या वेळी उपमा आधीच बुक केलाय. पैसे भरलेले आहेत, कुणी काही विचारणार नाही, डायरेक्ट सीटवर येईल.

इतका विचार करतो हा मुलगा. धन्यवाद म्हणालो.

तरी अजून वेळ गेलेली नाही. आपल्याकडे खरा आग्रह पाहुणा दारात चपला घालतो तेव्हा होतो. तोवर जे होतं ती नुसती चौकशी. पाहुण्याने चपला घातल्या की घरचे म्हणतात, अहो बसा हो, जाल. मग पाहुणा आणखी तासभर दारातच बसतो. उत्तराची बहीण एकदा दारातून परत येऊन आठ दिवस राहिली होती. तेव्हा सारा भर आता चपलांवर.

१८ जानेवारी, सकाळ, बेंगळुरू विमानतळ

चपलांचा प्रसंग आलाच नाही. आभाने बूट दारात आणून ठेवले होते, लेस बांधलेले, पाय घातला की झालं. वेळच गेला नाही. ती वाकून पाया पडली. म्हणाली, बाबा, पुन्हा या हं. मी म्हणालो, हो. ती तिथेच उभी राहिली. लिफ्ट आली.

विमानतळावर गाडी थांबवू देत नाहीत. गौरांगने बॅग काढून दिली, पाया पडला, माझा हात हातात धरून ठेवला. म्हणाला, बाबा. मी म्हणालो, काय? तेवढ्यात गार्डने शिट्टी मारली आणि मागून दोन गाड्यांनी हॉर्न दिला. म्हणाला, पोचलात की मेसेज करा.

शिट्टी नसती तर नक्की बोलला असता. गार्डच्या कामाचंही निरीक्षण कुणीतरी करायला हवं.

१८ जानेवारी, विमानात

आता हाती राहिला तो उपमा. तो तरी नीट घ्यायचा. पैसे भरलेले आहेत, मुलाने दिलेला आहे. क्रू आली की सरळ हात पुढे करायचा. तसा घरून सरावही करून आलो होतो. आरशासमोर हो म्हणून बघितलं. बरं दिसतं.

क्रू दुसरी होती. हातात यादी. माझ्यापाशी थांबून म्हणाली, चौदा-सी, सर, तुमचा उपमा.

मी म्हणालो, नको नको, राहू दे.

कसं म्हणालो मला माहीत नाही. तोंड माझं, शब्द माझे, हात माझा, ट्रेवर आडवा.

ती गोंधळली. यादी बघितली. म्हणाली, सर, पैसे भरलेले आहेत, तुमचाच आहे, घ्या ना. दुसऱ्यांदा! इतक्या उंचीवर, पट्टा बांधलेला असताना, परक्या मुलीने दुसऱ्यांदा आग्रह केला. छाती भरून आली. आणि मी दुसऱ्यांदाही नको म्हणालो. जरा हळू आवाजात. एकोणीस डिसेंबरला ठरवलं होतं तसंच.

ती तिसऱ्यांदा विचारणार होती. तोंड उघडलं होतं तिने. मागून कुणाच्या तरी बाळाने पाणी सांडलं आणि ती तिकडे धावली. माझा उपमा ट्रॉलीवर ठेवून मागे गेला. शेजारी कारभारी नव्हते. कानांत इअरफोनची बोंडं घातलेला एक तरुण होता, तो झोपला होता.

गुण: आग्रह आठ. दोन कापले ते बाळामुळे. चव राखीव.

मग खिडकीबाहेर बघत बसलो. ढग होते. एक गोष्ट लक्षात आली ती लिहितो. चूक कंपनीची नाही. गौरांगची नाही, आभाची तर नाहीच. आता वाढपी बदललेत. यांना फटीतून जिलबी सोडता येत नाही, हात आडवा दिसला की ते थांबतात. तेव्हा हात आवरायचा तो मीच. नवा संकल्प, आजपासून, कायमचा. कुणीही काहीही विचारलं तरी पहिल्याच विचारण्याला हो म्हणायचं. दुसऱ्याची वाट बघायची नाही.

हे फार पूर्वी सुचायला हवं होतं. पण सुचलं. हलकं वाटलं. खाली गेलो की पहिला फोन गौरांगला. तो विचारेल, आपण हो म्हणायचं. सोपं आहे.

१८ जानेवारी, संध्याकाळ, जेल रोड, नाशिक

घर गार आहे. फ्रीज उघडला, आत अंधार. चालू केला, आता घरघरतोय. दूध नाही. उद्यापासून सुरू करायला सांगायचं.

सुलाबाईंना फोन केला. त्यांनी सकाळचं दुसरं घर धरलं. म्हणाल्या, तुमीच म्हनले व्हते ना काका, पोरगा सोडनार नाय म्हनून. मी म्हणालो, हो, तेही खरंच. म्हणाल्या, पुढल्या महिन्यात बघते, तवर पोरीकडून दोन पोळ्या धाडू का? मला संकल्प आठवला. हो म्हणालो. लगेच! जमतं आहे.

पार्सलं वॉचमनकडे आली होती. मॅट टाकली, हीटर लावला. गॅसचा अलार्म भिंतीला चिकटवला. त्याच्यात एक हिरवा दिवा लुकलुकतो. सगळं ठीक आहे असा त्याचा अर्थ, असं खोक्यावर लिहिलं आहे.

गौरांगला फोन करणारच होतो, तेवढ्यात त्याचाच आला. मी उभा राहूनच घेतला. तयारीत होतो. पोचलात ना बाबा? हो. पार्सलं मिळाली? हो. उपमा खाल्लात का या वेळी? यालाही हो म्हणालो, ओघात.

मग तो थांबला. मागून आभा काहीतरी हळूच म्हणाली, विचार ना, असं काहीसं. मी फोन दुसऱ्या कानाला लावला. छातीत धडधडत होतं, ते इतके महिने बंदच असल्यासारखं होतं.

तो म्हणाला, बाबा, एक अगदी खरं सांगा. तुम्हाला तिथेच बरं वाटतं ना?

पहिल्याच विचारण्याला हो म्हणालो.

तो म्हणाला, बरं.